गडगडाटवाल्यांची उतरलेली पट्टी

मंडळी, टाळ जरा बाजूला ठेवा. आधी एक प्रश्न, मग गजर. उत्तर लगेच द्यायचं नाही — पुढे बसलेल्या या चिल्ल्यापिल्ल्यांना तर मुळीच परवानगी नाही. हात खाली! प्रश्न नीट ऐका.

एखाद्याच्या आवाजावर सगळा मुलूख भाळला. त्या आवाजासाठी लोक झाडांवर चढून बसले. आणि एक दिवस तो आवाजच गेला! वय झालं, गळा बसला. आता सांगा, त्या माणसाजवळ उरलं काय? त्याने गप्प बसावं, की फाटक्या गळ्याने गाऊन हसं करून घ्यावं?

आं? कोण म्हणालं "गप्प बसावं"? तू होय! बरं. तुझं नाव लक्षात ठेवतो. शेवटी परत विचारीन.

आणि मागे त्या खांबाला टेकून कोण उभ्या आहेत? आजी, या की पुढे. "नको" म्हणतात. पुढे पोरांनी ऐसपैस मांड्या ठोकल्यात, म्हणून नको म्हणतात. राहू दे, त्यांचं आपण मग बघू.

आता आख्यान म्हटलं की तुम्ही वाट बघणार राजाची, राक्षसाची, निदान एखाद्या कोपिष्ट ऋषीची. आज ते सगळे रजेवर! आज मिरजेच्या चार पोरांची गोष्ट. पोरं आपली म्हणायला — आता सत्तरीच्या घरात आहेत. पण गोष्ट सुरू होते तेव्हा विशीत होती. आणि ही पोरं कोण? भजनी मंडळ? छे! नाटक मंडळी? छे! — रॉक बँड!

बघा, पहिल्या रांगेतल्या काकांनी उपरणं सावरलं. त्यांना वाटलं, बुवा आज चुकून दुसऱ्याच मांडवात शिरले. काका, बसा. देवापुढे वीणा चालते ना? मृदंग चालतो? मग गिटार ही वीणेची लांबची बहीण, आणि ड्रम हा मृदंगाचा दांडगट भाऊ. नातलगांना दारातून परत पाठवायचं नसतं!

तर मिरज. तिथे सतारी, तंबोरे घडवतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या गावात इस्माईल शिकलगार नावाचा पोरगा. बाप सतारी करणारा. इस्माईलने काय केलं, बापाच्या कारखान्यातलं, सतारींसाठी आणलेलं तुणीचं लाकूड घेतलं आणि त्यातून जाड तारांची मोठी गिटार घडवली. खर्जात घुमणारी. बापाने ती उचलली, उलटीपालटी करून पाहिली.

"हिचा भोपळा कुठाय?"

"अब्बा, हिला भोपळा नसतो."

"मग आवाज कुठनं येणार?"

"विजेतनं."

"आणि वीज गेली की?"

त्या काळी मिरजेत वीज यायची कमी आणि जायची जास्त. बापाचा प्रश्न रास्त होता, पण पोरगं विशीतलं. विशीत रास्त प्रश्न ऐकू येत नाहीत.

दुसरा सॅम्युएल भोरे. सगळे त्याला सॅमी म्हणत. रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, सोमवार ते शनिवार गिटार. तिसरा रंगा ढवळे. तो ड्रमवर. लेझीम पथकात ढोल बडवून तयार झालेला, दोन हातांना चार हातांचं काम देणारा. आणि चौथा? चौथा भालू म्हेत्रे — गाणारा! हे आख्यान त्याचंच.

बँडचं नाव ठेवलं 'गडगडाट'. बरोबरच ठेवलं, कारण मांडवाच्या लाऊडस्पीकरला हे लोक आपल्या गिटारी जोडायचे आणि शेजारच्या गल्लीतली भांडी फळीवरून खाली यायची. पण त्या सगळ्या गोंगाटावरून जो आवाज जायचा ना — तो भालूचा! धारदार, उंच, ऊन पडलेल्या पात्यासारखा.

आणि त्यांचं गाणं? ऐका, ते कसं झालं. जतला कार्यक्रम करून परत यायचे होते. एसटी चुकली. भर दुपार, रस्त्यावर झाड नाही, डोक्यावर ड्रम. समोरून ट्रक जातायत. भालूने हात केला आणि आरोळी ठोकली, "जागा आहे का?" ट्रक गेला. दुसरा आला. "जागा आहे का?" तोही गेला! तिसऱ्या ट्रकला भालूने असा काही सूर लावला की रंगाने रस्त्याच्या कडेला बसून ड्रमवर ठेका धरला. सॅमीने गिटार काढली. वीज नाही, काही नाही, तरी वाजवली. ट्रक एकही थांबला नाही, पण गाणं जन्माला आलं!

जागा आहे का, जागा आहे का,
धूळ उडवत जाणाऱ्या, जागा आहे का...

शब्द एवढेच, वर थोडे इकडचे तिकडचे. पण शेवटच्या "जागा"वर भालू जी आरोळी मारायचा, ती ऐकायला लोक गणपतीत रांगा लावायचे. कुणीतरी ती टेपवर घेतली. एका टेपच्या दहा झाल्या, आणि मग गंमत बघा — जे ट्रकवाले यांना घेत नव्हते, त्यांच्याच ट्रकमध्ये हे गाणं जाऊन बसलं! कोल्हापूर, विजापूर, हुबळी. पोरं रस्त्यावर, गाणं ट्रकमध्ये!

पुढे काय झालं? जे सगळ्यांचं होतं तेच. लग्नं झाली. सॅमी इस्पितळात एक्स-रे काढायला लागला, इस्माईलने बापाची गादी घेतली, रंगाने पिठाची गिरणी टाकली. आणि भालू सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यात पुकारा करायला लागला. दिवसभर हळदीच्या धुळीत उभं राहून बोली ओरडायची. मुलांनो, उसासारखा गोड गळा, आणि त्याला रोज चरकात घातला. वर्षानुवर्षं. राहील काय? चोथा!

निवृत्त झाला तेव्हा त्याचा आवाज कसा झाला होता सांगू? गंजलेल्या कडीसारखा. दार लावताना वाजते ना, तसा.

पण मंडळी, गाणं म्हातारं झालं नाही बरं का! हे नवल आहे. रोज सकाळी नवीन गाणं येतं आणि संध्याकाळी शिळं होतं. तरी कॉलेजची पोरं हे जुनं गाणं वाजवतात. परदेशात म्हणे ऐंशीला टेकलेले लोक गिटारी घेऊन उभे राहतात आणि नातवंडांच्या वयाची पोरं मैदानं भरून टाकतात. का? त्या पोरांना काय कमी आहे? — विचार करत राहा. आपण पुढे जाऊ.

एक दिवस भालूच्या दारात केतकी नावाची मुलगी आली. पाठीला गिटार. कॉलेजात तिचा बँड, आणि ती हेच गाणं गाते.

"काका, आमच्या कॉलेजला पन्नास वर्षं होतायत. मैदानावर कार्यक्रम आहे. गडगडाटने एक गाणं करायचं. एकच."

"बाळ, तू गातेस ना? मग झालं की," भालू म्हणाला.

"मी गाते, पण ते तुमचं गाणं म्हणून गाते. लोकांना तुम्ही पाहिजे आहात."

आतून भालूची बायको इंदू चहा घेऊन आली. म्हणाली, "अगं, यांचा आवाज भाजीवाल्यालापण ऐकू जात नाही. मीच हाका मारते."

"चालेल की काकू. माईक आहे."

भालूने आधी चहा संपवला. मग म्हणाला, "ती आरोळी लागली तर येईन. नाही लागली तर नाही. ज्याने ती ऐकली आहे, त्याच्या डोक्यात ती अजून तशीच आहे. मी तिथे जाऊन खोकलो, तर त्याच्या डोक्यातली पण जाईल."

लक्षात आलं का, मंडळी, त्याला भीती कसली होती? लोक हसतील — ती लहान भीती. मोठी भीती ही की, या जगात आपली एकच चांगली गोष्ट उरली आहे, ती लोकांच्या आठवणीत आहे, आणि तीही आपल्याच हाताने मोडेल!

पण मनातून जायचं होतं हो! नाही म्हणणारा माणूस चहा संपेपर्यंत थांबत नाही. लगेच म्हणतो.

भालूने गुपचूप तयारी सुरू केली. ज्येष्ठमध तोंडात. मिठाच्या गुळण्या. यार्डातले सौदे आटोपले की रोज रिकाम्या सौदा हॉलमध्ये जाऊन आरोळी मारायची. कधी लागायची, कधी फाटायची. डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिलं आणि सांगितलं, ओरडणं बंद. याने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी परत हॉलमध्ये हजर. हे सगळं त्याने एकट्या रंगाला सांगितलं.

"रंगा, मी मूळ पट्टीतच गाणार. पण त्या दोघांना बोलू नकोस. त्यांना वाटेल, म्हाताऱ्याला जमणार नाही."

"आईची शपथ," रंगा म्हणाला.

थांबा. पट्टी म्हणजे काय, हे या पोरांना कळलं पाहिजे, नाहीतर पुढची गंमत हातची जाईल. मुलांनो, जिना डोळ्यांपुढे आणा. गाणं तेच, पण तुम्ही कुठल्या पायरीवर उभे राहून गाताय, ती तुमची पट्टी. वरची पायरी — उंच आवाज. खालची — जाड आवाज. पेटीवाले, पांढरी तीन द्या... ऐकलं? ही भालूच्या तरुणपणाची पायरी. आता एक पायरी खाली, काळी दोन... आणि अजून एक खाली, पांढरी दोन. प्रत्येक सूर एकेकटा कसा लागतो? गोड. शहाण्या मुलांसारखा. आता तिन्ही एकदम दाबा!

अरे अरे अरे! कान झाकले बघा सगळ्यांनी! जणू तीन मांजरं एकाच पिशवीत घातली! पुरे, पेटीवाले, देव उठून जाईल. हा आवाज मात्र विसरू नका.

केतकीला होकार गेला आणि तालीम ठरली रंगाच्या गिरणीत. सुट्टीचा दिवस. गिटारींवर पीठ, ड्रमवर पीठ, चौघांच्या केसांवर पीठ — ते मात्र दिसलं नाही, केस आधीच पांढरे! सॅमीने गिटार मूळ पट्टीत लावली. इस्माईलने तुणीची ती जुनी गिटार लावली. वाजायला लागले आणि काय सांगू, हात सगळं विसरले नव्हते! बोटं आखडली होती, पण वळणं ओळखीची. भालू मात्र गळ्याभोवती मफलर गुंडाळून कोपऱ्यात बसला. नुसते ओठ हलवले.

"गा की लेका," सॅमी म्हणाला.

"राखून ठेवतोय," भालू म्हणाला. आणि खोकला. असा खोकला की गिरणीच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

सॅमी आणि इस्माईल मान खाली घालून आपापल्या गिटारीवरचं पीठ पुसायला लागले.

आता बघा हं, प्रेम माणसाला कसं खड्ड्यात घालतं! दुसऱ्या दिवशी सॅमी दळणाचा डबा घेऊन गिरणीत आला. दळण निमित्ताला. म्हणाला, "रंगा, भाल्याचा गळा गेलाय. मी त्या दिवशी गिटार एक पायरी उतरवून लावणार. त्याला कळायचंपण नाही, सहज गाऊन जाईल. पण इस्माईलला सांगू नकोस, त्याच्या पोटात काही राहत नाही. तो भाल्याला बोलेल, आणि भाल्या रुसेल."

"आईची शपथ," रंगा म्हणाला.

दुपारी इस्माईल आला. त्याचाही डबा. "रंगाभाऊ, भालूला वरचा सूर झेपणार नाही. मी दोन पायऱ्या खाली लावतो. सॅमीला बोलू नका, तो हट्टी आहे. मूळ पट्टी सोडणार नाही म्हणेल. मी खाली लावली की स्टेजवर झक मारत माझ्या मागे येईल."

रंगा काय म्हणाला असेल?

बरोबर! "आईची शपथ!"

एका आईवर तीन शपथा! आणि मंडळी, रंगाला तिन्ही गुपितं माहीत असून त्याच्या मनात काडीची शंका आली नाही. का? तो ड्रम वाजवणारा. त्याच्या वाद्याला जिनाच नाही! दणका दिला की वाजतो. वर गिरणीच्या घरघरीत कान निम्मे गेलेले. त्याला वाटलं, वा! तिघंही एकमेकांची किती काळजी घेतायत! तबलजी हसतायत बघा. तुम्ही नका हसू, तुमचा तबला सुरात लावायला आमचा अर्धा कार्यक्रम जातो.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. कॉलेजचं मैदान भरलं. पुढच्या खुर्च्यांत त्या काळातले लोक, मागे गवतावर आजची पोरं. इंदूने पहिल्या रांगेत दोन खुर्च्या धरल्या. एकीवर स्वतः बसली, दुसरीवर पिशवी ठेवली. स्टेजमागे जाऊन भालूला म्हणाली, "तुमची जागा धरून ठेवलीय. नाही जमलं तर सरळ खाली यायचं आणि माझ्याशेजारी बसायचं. डब्यात चकल्या आहेत."

"जमेल," भालू म्हणाला.

"जमलं तरी चकल्या आहेत."

ठरलं होतं असं की आधी वाद्यं जुळवून, आवाज तपासून घ्यायचा. पण भाषणं! प्राचार्य बोलले. माजी प्राचार्य बोलले. माजी प्राचार्यांची आठवण काढायला आणखी एक माजी उठले. जुळवणीचा वेळ सगळा सत्काराच्या नारळांत गेला. सॅमीने एका कोपऱ्यात, इस्माईलने दुसऱ्या कोपऱ्यात, गिटारीला ते सूर दाखवणारं चिमट्याचं छोटं यंत्र लावून आपापल्या तारा मुक्यानेच लावल्या. एकाने एक पायरी खाली. दुसऱ्याने दोन. आणि भालू तिसरीकडे डोळे मिटून, जुन्या सुरात गुणगुणत.

मुलांनो, कळलं ना आता काय होणार? बोलू नका! बोलू नका! मोठ्यांना अजून कळलं नसेल!

केतकीने नाव पुकारलं, "गडगडाट!" मैदान उठून उभं राहिलं. सूर्य कलायला आला होता, समोरून डोळ्यांत येत होता. चौघं स्टेजवर आले. गुडघे धरत, पण आले. भालूने माईक हातात घेतला. कितीक वर्षांनी! त्याने ठरवलं होतं — आज फाटला तरी चालेल, पण वरचाच सूर.

रंगाने काठ्या वाजवल्या. एक, दोन, तीन, चार —

पेटीवाले! ते तीन सूर!

बघा! हाच! हाच आवाज मैदानावर पडला! सॅमी एका पायरीवर, इस्माईल दुसऱ्या पायरीवर, आणि भालूने "जागा" म्हणून तोंड उघडलं ते तिसऱ्याच पायरीवर! झाडावरचे पक्षी उडाले. माजी प्राचार्य दचकून जागे झाले. रंगा मात्र आनंदात बडवतोय, त्याला काही पत्ताच नाही!

मग थांबले. आणि मैदानात मागून हसू. वाईट नव्हतं ते हसू, पण हसू ते हसू. भालूला वाटलं, माझ्याच कानात काहीतरी बिघडलं. गळा गेला होताच, आता कानही गेला.

आणि माईक चालू होता, मंडळी! त्या चालू माईकवर सगळ्या मैदानाने पुढचं ऐकलं.

सॅमी इस्माईलला म्हणाला, "किती उतरवलीस?"

"दोन. तू?"

"एक."

"का उतरवलीस?"

"तू का उतरवलीस?"

इस्माईलने नुसतं भालूकडे बघितलं. उत्तर द्यायची गरजच नव्हती. मैदानाला कळलं. पहिल्या रांगेला कळलं, गवतावरच्या पोरांना कळलं — याचा आवाज गेला आहे, म्हणून दोस्तांनी गाणं खाली आणलं. जी गोष्ट तो महिनोन् महिने लपवत होता, ती भोंग्यावरून गावभर!

मागून रंगा म्हणाला, "मला तिघांनीपण सांगितलं होतं. पण शपथ घातली होती ना."

"तिघांनी?" सॅमी वळला. "तिसरा कोण?"

"हा भालू. हा मूळ पट्टीत गाणार होता. रोज यार्डात जाऊन ओरडत होता."

आता सॅमी आणि इस्माईलचे चेहरे पडले. "लेका, बोलायचंस की," सॅमी म्हणाला. "लगेच वर घेतो. तू म्हणशील ती पट्टी." आणि खुंट्या पिळायला लागला.

भालू उभा. हातात माईक. खाली इंदूची पिशवी ठेवलेली खुर्ची त्याला दिसत होती. चार पायऱ्या उतरलं की सुटला! नाहीतर मूळ पट्टी. गेल्या आठवड्यात एकदा लागली होती, आजही लागली असती कदाचित. त्याने सॅमीच्या हातांकडे बघितलं. आखडलेली, वाकडी झालेली बोटं, खुंटी धरवत नाही. ज्या सॅमीला सगळे हट्टी समजत होते, ज्या इस्माईलच्या पोटात काही राहत नाही — त्या दोघांनी याच्यासाठी गाणं खाली आणलं, आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

भालूने सॅमीच्या हातावर हात ठेवला.

"राहू दे. तुम्ही सगळे खाली उतरलात. मी एकटा वर जाऊन कुणासाठी ओरडू?"

"मग एक की दोन?" इस्माईलने विचारलं.

"अजून खाली."

"किती?"

"मी घरात चहा मागतो ना, तिथपर्यंत."

"तारा लोंबतील रे," सॅमी म्हणाला.

"लोंबू दे. आपलं आता काय लोंबायचं शिल्लक राहिलंय?"

मैदान हसलं! आणि हे हसू वेगळं होतं हं! मघाशी ते यांच्यावर हसले होते, आता यांच्याबरोबर हसले. मग सगळ्यांच्या देखत, माईक चालू ठेवून, दोन म्हातारे शेजारी शेजारी उभे राहिले आणि तारा लावायला लागले. "ऐक, माझी घे." "अजून थोडी." "आली." एकमेकांचं ऐकत. एवढं मोठं मैदान, पण कुणी जागचं हललं नाही. दोन तारा एकमेकींना भेटल्या तेव्हा लोकांनी श्वास सोडला.

रंगाने काठ्या वाजवल्या. आणि या खेपेला गडगडाट झाला नाही, मंडळी. घुमला! जमिनीतून आल्यासारखा. तारा सैल, जड, आणि त्यावर भालूचा तो गंजलेल्या कडीचा आवाज. तो ओरडला नाही. त्याने नुसतं विचारलं. एसटीत चढल्यावर आपण शेजारच्याला विचारतो ना, तसं.

"जागा आहे का?"

आरोळीची वेळ आली. सगळ्यांना ठाऊक, इथे ती येते. जुने लोक खुर्चीत पुढे सरकले. भालूने माईक तोंडाजवळ घेतला. आणि आणखी हळू म्हणाला —

"जागा आहे का?"

आणि पहिल्या रांगेतून इंदू, घरातल्या आवाजात, अगदी सवयीने बोलून गेली, "आहे की." आणि खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली!

हसता काय? डोळे पुसा आधी!

इतकी वर्षं हे गाणं प्रश्न विचारत होतं, आणि एकदाही कुणी उत्तर दिलं नव्हतं! कसं देणार? आरोळी इतकी उंच होती की लोक टाळ्या वाजवायचे. टाळी म्हणजे उत्तर नव्हे. जवळ बसून हळू विचारलं, तेव्हा कळलं की अरे, हा आपल्याला काहीतरी विचारतोय! इंदूच्या मागून कुणीतरी म्हणालं, "आहे." मग दुसरी रांग. मग गवतावरची पोरं. केतकी स्टेजच्या कडेला उभी होती, तीही. भालू विचारायचा आणि मैदान म्हणायचं, "आहे!" तो परत विचारायचा, परत "आहे!" गाणं संपेना. रंगाला थांबायचं कळेना. शेवटी वीज गेली! इस्माईलच्या बापाने विचारलेलं तेवढ्यात खरं झालं. पण माईक नसतानाही मैदान म्हणतच राहिलं, आणि भालू विचारतच राहिला.

आणि मग तो चार पायऱ्या उतरून खाली आला आणि त्या रिकाम्या खुर्चीवर बसला. इंदूने डबा उघडला. बस्स!

तर बाळा, "गप्प बसावं" म्हणणारा तू! सांग आता. काय उरलं होतं त्याच्याजवळ? मान हलवतोस? हरकत नाही. घरी जाऊन विचार कर. उत्तर लगेच आलं नाही म्हणजे प्रश्न आत गेला.

मोठ्यांना मात्र सोडणार नाही! आवाज जातो. दात जातात, गुडघे जातात, कान जातात. आपण काय करतो? घरातल्या म्हाताऱ्याशी एकतर ओरडून बोलतो, नाहीतर बोलतच नाही. तो जिन्यात थांबला की आपण वरून म्हणतो, "या लवकर." अरे, वर उभं राहून हाका काय मारता? दोन पायऱ्या उतरा! सॅमी उतरला, इस्माईल उतरला. आणि म्हाताऱ्यांनो, तुम्हालाही सांगतो. जुन्या पट्टीसाठी सौदा हॉलमध्ये एकट्याने गळा फाडू नका. आपल्या माणसांना सांगा, मला आता इथवरच जमतं. ते तारा सैल करतील. फक्त चोरून करू नका रे, एकमेकांना विचारून करा! नाहीतर होतं ते पेटीवाल्यांनी ऐकवलंच.

आता मागच्या खांबाकडे वळा सगळे. वळा! आजी अजून उभ्याच आहेत. पूर्ण आख्यान उभ्याने ऐकलं त्यांनी. आणि तुम्ही पोरं मांड्या पसरून बसलात, आणि मघाशी भालूसाठी डोळे पुसलेत! मी विचारतो, नीट उत्तर द्या. ओरडून नाही, हळू.

जागा आहे का?

... असं! सरका, सरका. अजून एक वीत. या आजी, इथे, टाळवाल्यांजवळ. पाय सोडून बसा.

चला, टाळ उचला. पेटीवाले, गजराला पट्टी कुठली विचारताय? आजींना विचारा.